२५ एच७ जर्नल ग्राइंडिंग : प्रक्रिया क्षमता अभ्यासाच्या नोंदी

३ जून २०२४

शाफ्टवर बेअरिंग बसतं तो जर्नल. सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, जॉब दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार टेकूंमध्ये), प्लंज पद्धत, म्हणजे व्हील सरळ आत शिरतं. ड्रॉइंगवर व्यास २५ एच७ (लहान एच, शाफ्टसाठीचा), म्हणजे वरची हद्द २५.००० मिमी, खालची २४.९७९. टॉलरन्स २१ मायक्रॉन. दुसरं वैशिष्ट्य रनआउट (फिरवताना पृष्ठभाग किती वरखाली होतो ते), कमाल १० मायक्रॉन.

लिहिण्याच्या सोयीसाठी या नोंदींत व्यासाचे आकडे खालच्या हद्दीपासून मायक्रॉनमध्ये आहेत. २४.९७९ म्हणजे ०, २५.००० म्हणजे २१, मध्य १०.५.

ग्राहकाची मागणी एका ओळीची आहे: ‘सीपीके १.६७ किंवा जास्त’. सीपीके म्हणजे सरासरीपासून जवळच्या हद्दीचं अंतर भागिले तीन सिग्मा; सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, पसाऱ्याचं माप. कोणत्या सिग्माने, किती पीसवर, किती काळात, याबद्दल काही नाही. ही संदिग्धता आत्ताच मिटवायला हवी, कारण सीपीके हे नाव सगळीकडे एकाच सूत्राला दिलेलं नाही. एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योग संघटनेच्या एसपीसी (सांख्यिकी प्रक्रिया नियंत्रण) पुस्तिकेत सीपीकेसाठी उपगटाच्या (एका वेळी सलग काढलेल्या थोड्या पीसच्या) आतला सिग्मा घेतात आणि पीपीकेसाठी सगळ्या वाचनांचा. आयएसओ २२५१४ मालिकेत दोन्हींचा हिशेब एकूण पसाऱ्यावरच होतो. प्रक्रिया नियंत्रणात असल्याचं दाखवता आलं तर त्याच आकड्याला सीपीके म्हणतात, नाही दाखवता आलं तर पीपीके. म्हणजे एकाच डेटावर दोन प्रामाणिक माणसं ‘सीपीके’ लिहून वेगळे आकडे देऊ शकतात. आपल्या अहवालात प्रत्येक निर्देशांकाशेजारी सिग्मा कसा काढला ते लिहायचं. ग्राहकाला तसं पत्र गेलं.

५ जून

गेजचा अभ्यास (आर अँड आर: मोजमापात उपकरण आणि ऑपरेटर यांच्यामुळे किती फरक पडतो). लाइनवर आज वापरात आहे तो डिजिटल मायक्रोमीटर, लघुतम माप १ मायक्रॉन. ‘टॉलरन्सचा दहावा भाग’ या नियमात तो आरामात बसतो, २.१ मायक्रॉनपर्यंत चाललं असतं. तरी फक्त लघुतम मापावर भरवसा ठेवून पुढे जायचं नाही.

१० पीस, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, एकूण ९० वाचनं. पीस वेगवेगळ्या वेळचे घेतले, काही ड्रेसिंगनंतर (व्हीलचा पृष्ठभाग डायमंडने ताजा केल्यावर) लगेचचे, काही ड्रेसिंगच्या आधीचे. सलग दहा घेतले असते तर पीस-पीसमधला फरक खोटा कमी दिसला असता. नंबर पीसच्या तोंडावर न लिहिता खाली लिहिले, क्रम दर फेरीत बदलला.

सरासरी रेंज (कमाल वजा किमान) २.१. तीन फेऱ्यांसाठी तक्त्यातला गुणांक के१ = ०.५९०८, म्हणून उपकरणाचा फरक १.२४. ऑपरेटरांच्या सरासरींमधलं कमाल अंतर १.६, के२ = ०.५२३१, त्यातून उपकरणाचा वाटा वजा केल्यावर ऑपरेटरचा फरक ०.८१. दोन्ही वर्ग करून मिळवले, वर्गमूळ १.४८. सहा पट करून २१ ने भागलं तर ४२ टक्के. ३० च्या वर, म्हणजे नापास. या गेजला पीसचे वेगळे ओळखता येणारे गट फक्त २, लागतात किमान ५.

कारणं शोधायला फार वेळ लागला नाही:

– एक ऑपरेटर रॅचेट वापरतो, दुसरा थिंबल थेट बोटाने आवळतो.
– जर्नलवर माप कुठे घ्यायचं ते ठरलेलं नाही. कडेला आणि मध्ये थोडा टेपर आहे, तो गेजच्या चुकीत मिसळतो.
– पीस ग्राइंडिंगवरून गरम उतरतो. पोलादाचं प्रसरण अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन, म्हणजे २५ मिमी व्यासाला अंशामागे ०.२९. मास्टरपेक्षा (गेजचा शून्य लावायच्या ज्ञात मापाच्या नमुन्यापेक्षा) पीस ८ अंशांनी गरम असेल तर २.३ मायक्रॉन तिथेच गेले, टॉलरन्सचे ११ टक्के.

या मायक्रोमीटरवर क्षमता काढली असती तर आकडा प्रक्रियेचा कमी आणि बोटांच्या जोराचा जास्त आला असता.

७ जून

बदल: बेंच कंपॅरेटर, इलेक्ट्रॉनिक प्रोब, ०.१ मायक्रॉन वाचन. मागे स्टॉपर लावला, त्यामुळे माप नेहमी जर्नलच्या मध्यावरच येतं. मोजण्याआधी पीस आणि मास्टर एकाच जाड पोलादी प्लेटवर १५ मिनिटं शेजारी ठेवायचे. खोली २० अंशांवर नसली तरी चालतं, पण पीस आणि मास्टर एकाच तापमानाला हवेत. दोघंही पोलादी असल्याने उरलेली चूक जवळपास कटते.

मास्टरवर २४.९९० कोरलंय, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात २४.९८९६ आहे. शून्य प्रमाणपत्रातल्या आकड्यावर लावायचा, कोरलेल्यावर नाही. हा ०.४ चा फरक आर अँड आरमध्ये कधीच दिसणार नाही, कारण तिन्ही ऑपरेटर सारखीच चूक वाचतील. तो थेट सरासरीत उतरतो.

पुन्हा तेच १० पीस, ९० वाचनं. सरासरी रेंज ०.६२, ऑपरेटरांमधलं अंतर ०.३. उपकरण ०.३७, ऑपरेटर ०.१४, एकत्र ०.३९. टॉलरन्सच्या ११ टक्के, गट ८. दहाच्या आत आलं असतं तर छान, पण दहा ते तीसच्या पट्ट्यात अगदी तळाला आहे. स्वीकारलं.

१० जून

मशीनची स्वतंत्र चाचणी: ड्रेसिंगनंतर सलग ५० पीस, ऑफसेटला (मशीनवरच्या साइजच्या दुरुस्तीला) हात नाही, एक ऑपरेटर, एक लॉट. सरासरी १०.८, प्रमाण विचलन २.०, सीएमके (फक्त मशीनची क्षमता, सूत्र सीपीकेसारखंच) १.७०. हा आकडा प्रक्रियेच्या अहवालात जाणार नाही. मात्र ५० पीस क्रमाने मांडले की रेघ हळूहळू वर चढताना दिसते. पुढच्या अभ्यासात इकडे लक्ष ठेवायचं.

१२–१३ जून

डेटा गोळा करणं. दर अर्ध्या तासाने सलग ५ पीस, असे २५ उपगट, एकूण १२५. तासाला साधारण ४० पीस निघतात, म्हणजे दोन शिफ्टमध्ये सुमारे ५०० पीस आणि ड्रेसिंगची चार चक्रं (ड्रेसिंग दर १२० पीसला) यात येतात. बारचे दोन लॉट, दोन ऑपरेटर.

पत्रकात आकड्यांशेजारी रिकामा रकाना ठेवला: ड्रेसिंग, ऑफसेट, कूलंट भरला, मशीन थांबलं, लॉट बदलला, काहीही घडलं तर वेळेसह लिहायचं. हा रकाना नसेल तर नंतर चार्टवरचा बाहेरचा बिंदू नुसता बिंदूच राहतो.

दोन सक्त सूचना दिल्या. पीस तपासणी होऊन वेगळे काढण्याआधीच उचलायचे. चाळणी झालेल्या मालावर काढलेली क्षमता ही चाळणीची असते. आणि ऑपरेटरने रोजच्यासारखंच काम करायचं, अभ्यास चालू आहे म्हणून जास्त जपायचं नाही.

१४ जून

सगळ्यांची सरासरी १२.६ (२४.९९१६ मिमी). आर-बार (उपगटांच्या रेंजची सरासरी) ४.४. उपगटातल्या ५ पीससाठी तक्त्यातला गुणांक डी२ = २.३२६, म्हणून आतला सिग्मा १.८९. सगळ्या १२५ वाचनांचं प्रमाण विचलन २.७५.

सीपी आणि पीपी म्हणजे टॉलरन्स भागिले सहा सिग्मा, सरासरी कुठे आहे ते न पाहता.

सीपी १.८५, सीपीके १.४८.
पीपी १.२७, पीपीके १.०२.

डेटा एकच, गेज एकच. १.४८ आणि १.०२ यांच्यातली दरी हाच या अभ्यासाचा खरा निष्कर्ष आहे. सीपीकेतला सिग्मा फक्त सलग पाच पीसमधला फरक बघतो. अर्ध्या-अर्ध्या तासात जे सरकलं ते त्याच्या नजरेत येतच नाही.

सरकलंय ते चार्टवर दिसतं. सरासरीच्या चार्टच्या हद्दी १२.६ ± ०.५७७ × ४.४, म्हणजे १०.१ ते १५.१. पंचवीसपैकी ६ बिंदू बाहेर. रेंजच्या चार्टवर वरची हद्द ९.३, एकही बिंदू बाहेर नाही. म्हणजे मशीनचा क्षणाचा पसारा स्थिर आहे आणि केंद्र हलतंय. आकार करवतीच्या दातांचा: ड्रेसिंगनंतर खाली, मग १२० पीसमध्ये सुमारे ६.५ मायक्रॉन वर, पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा खाली. चार दात स्वच्छ मोजता येतात. बाहेरून ग्राइंडिंग करताना व्हील झिजलं की व्यास वाढतो, त्यामुळे दिशाही जुळते.

हिशेब पडताळून पाहिला. ६.५ मायक्रॉनची सरळ चढण म्हणजे ६.५ भागिले वर्गमूळ १२, सुमारे १.८८ सिग्मा. त्याचा वर्ग ३.५ आणि आतल्या सिग्माचा वर्ग ३.६, बेरीज ७.१, वर्गमूळ २.६६. प्रत्यक्षात २.७५. उरलेला थोडा फरक हाताने केलेल्या ऑफसेटचा. पत्रकात दोन ठिकाणी एकाच पीसचं माप बघून ४ मायक्रॉन खाली घेतल्याची नोंद आहे. सिग्मा १.८९ असताना एखादा पीस सरासरीपेक्षा ४ मायक्रॉन वर निघणं ही रोजची गोष्ट आहे. त्यावर ऑफसेट हलवला की पसारा वाढतोच.

सरासरी मध्यापासून २.१ वर का? सवय. साइज वर राहिली तर पीस पुन्हा घेता येतो, खाली गेली तर स्क्रॅप. म्हणून प्रत्येक ऑपरेटर ‘थोडं वरच ठेवू’ म्हणतो. त्याच्या जागी ते शहाणपणाचं आहे. पण करवतीचा दात वरच्या बाजूलाच चढत असल्याने वरची हद्द दोन्हीकडून जवळ येते.

पीपीएमचा (दहा लाखांमागे किती पीस हद्दीबाहेर) आकडा मागितला जाईल. नॉर्मल वक्र धरला तर वरच्या बाजूला सुमारे ११०० पीपीएम. हा आकडा अहवालात घालू नये. झिजेमुळे बनलेलं वितरण नॉर्मलपेक्षा चपटं असतं, त्याच्या शेपट्या आखूड असतात. शिवाय जी प्रक्रिया नियंत्रणातच नाही तिचं उद्याचं भाकीत कशाच्या आधारावर करायचं?

१५ जून

आतला सिग्मा आर-बारवरून काढावा की पूल्ड (सगळ्या उपगटांचं आतलं एकत्र केलेल्या) प्रमाण विचलनावरून, असा प्रश्न आला. मिनिटॅब हे सॉफ्टवेअर उपगट असले की मुळात पूल्ड घेतं, आपलं पत्रक आर-बार घेतं. दुसऱ्या दशांशात फरक पडतो. कुठलीही पद्धत चालेल, दोन्ही अभ्यासांत एकच हवी. आर-बार कायम. स्प्रेडशीटमध्ये एकूण विचलनासाठी नमुन्याचं सूत्र वापरायचं, एक कमी करून भागणारं. पूर्ण समष्टीचं नाही.

१८ जून

बदल लागू केले.

झिजेची भरपाई: २० पीसमध्ये आकार १.०८ मायक्रॉन वाढतो, म्हणून दर २० पीसला व्यासावर १ मायक्रॉन आपोआप आत. ड्रेसिंग १२० वरच ठेवलं. खरबरीतपणा आणि बर्निंगची तक्रार नाही, मग व्हील आणि वेळ वाया का घालवायचा. ड्रेसिंगनंतर भरपाईचा मोजक पुन्हा शून्यापासून सुरू होतो, हे कंट्रोलरमध्ये तपासलं. तो शून्य झाला नाही तर प्रत्येक चक्रात भरपाई चुकीच्या जागी पडते.

लक्ष्य १०.५ (२४.९८९५ मिमी). सेटिंग शीटवर ‘एच७’ ऐवजी हा आकडाच लिहिला.

हाताने ऑफसेट: एका पीसवर नाही. ५ पीसची सरासरी चार्टच्या हद्दीबाहेर गेली तरच, आणि सरासरी लक्ष्यापासून जितकी दूर तितकंच. पाचांच्या सरासरीची अनिश्चितता १.८९ भागिले वर्गमूळ ५, म्हणजे ०.८५. एका पीसच्या निम्म्याहूनही कमी.

२०–२१ जून

दुसरा अभ्यास, पुन्हा २५ × ५. एक फरक मुद्दाम केला. भरपाई २० पीसला येते आणि अर्ध्या तासात साधारण २० पीसच निघतात. ठरल्या घड्याळाने नमुना घेतला तर तो दरवेळी भरपाईच्या आधीचाच किंवा नंतरचाच येईल आणि चार्ट खोटा सपाट दिसेल. म्हणून नमुन्याचं अंतर २० ते ४० मिनिटांत मागेपुढे ठेवलं. पाच पीसच्या मध्येच भरपाई पडली तर तो उपगट सोडून भरपाईनंतर नव्याने पाच घेतले.

२४ जून

सरासरी १०.८, आर-बार ४.२, आतला सिग्मा १.८१, एकूण २.०२.

सीपी १.९४, सीपीके १.८८.
पीपी १.७३, पीपीके १.६८.

सीपीके आणि पीपीके आता जवळ आले. क्षणाचा पसारा जवळपास तोच आहे, ४.४ चा ४.२ झाला इतकंच. सगळी कमाई केंद्र स्थिर करण्यातून झाली. नवीन मशीनचा प्रस्ताव यासाठी नको होता.

सरासरीच्या चार्टवर एक बिंदू हद्दीबाहेर. पत्रकातली नोंद: सुट्टीत मशीन थांबलं होतं, त्यानंतरचा हा पहिला उपगट. स्पिंडल आणि कूलंट गार झाले की साइज सरकते. बिंदू काढून टाकून पुन्हा हिशेब करण्याची सूचना आली, ती मानली नाही. कारण सापडलं आहे, पण दूर झालेलं नाही. उद्याही सुट्टी होणार आहे. १.६८ त्या बिंदूसकट आहे. उपाय: २० मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर कूलंट चालू ठेवून मशीन रिकामं फिरवायचं, नंतरचे पहिले ५ पीस सगळे मोजायचे.

आता १.६८ हे १.६७ च्या वर आहे का? कागदावर आहे. पण १२५ पीसवरून काढलेल्या निर्देशांकाला स्वतःचाच पसारा असतो. त्याची प्रमाण त्रुटी अशी: एक भागिले नऊ गुणिले संख्या, अधिक पीपीकेचा वर्ग भागिले दोन गुणिले (संख्या वजा एक), या बेरजेचं वर्गमूळ. इथे ०.१११ येते. ९५ टक्के विश्वासाची खालची हद्द १.६८ – १.६४५ × ०.१११, म्हणजे १.५०. हाच १.६८ फक्त ३० पीसवर आला असता तर खालची हद्द १.३१ पर्यंत उतरली असती. एवढा अंदाज असला की १.६६ आला म्हणून खेद आणि १.६८ आला म्हणून पेढे, दोन्ही टळतं. अहवालात खालची हद्द द्यायची.

२५ जून

रनआउट. तेच १२५ पीस, दोन सेंटरमध्ये फिरवून, डायलचं पूर्ण वाचन. सरासरी २.६, प्रमाण विचलन १.०८, मध्यक २.४.

सॉफ्टवेअरच्या खालच्या हद्दीच्या चौकटीत कुणीतरी ० भरलं होतं. त्याने पीपीके ०.८० दिला आणि प्रक्रिया नापास ठरवली. शून्य ही इथे टॉलरन्सची हद्द नाही, निसर्गाची हद्द आहे. शून्याजवळ जाणं हे तर चांगलं काम. चौकट रिकामी ठेवली की २.२८ आला. तोही खरा नाही. हिस्टोग्राम उजवीकडे लांब शेपटीचा आहे, संभाव्यता आलेखावर बिंदू सरळ रेषेत न बसता वाकतात. नॉर्मल वक्र ही शेपटी बघतच नाही.

लॉग-नॉर्मल बसवला, तो नीट बसला. त्यातला ९९.८६५ वा शतमक ८.० च्या आसपास. निर्देशांक असा: (१० – २.४) भागिले (८.० – २.४) = १.३६. एकाच डेटाचे तीन आकडे झाले: ०.८०, २.२८, १.३६. अहवालात तिसरा, वितरणाच्या नावासह. १२५ पीसमध्ये ९९.८६५ वा शतमक प्रत्यक्ष मोजता येत नाही, तो बसवलेल्या वक्रावरून येतो, हेही लिहायचं.

शेपटीतले पीस उचलून पाहिले. जास्त रनआउट असलेल्यांपैकी बहुतेकांच्या सेंटर होलमध्ये कचरा किंवा ठोक्याची खूण. सेंटर होल साफ करायची पायरी आधीच्या ऑपरेशनच्या शेवटी घातली, पीस ठेवायच्या ट्रेमध्ये खाचा केल्या. एकतर्फी हद्दीला सीपी नसतोच, तो रकाना रिकामा सोडायचा.

२७ जून

अहवाल गेला. एका पानावर हे सगळं: ड्रॉइंगची आवृत्ती, वैशिष्ट्य आणि हद्दी, गेज आणि त्याची आर अँड आर टक्केवारी, नमुन्याचा काळ, उपगट × आकार, दोन्ही चार्ट, सरासरी, दोन्ही सिग्मा आणि ते काढायची पद्धत, चारही निर्देशांक, पीपीकेची खालची हद्द, वितरण, पत्रकातल्या घटना. निर्देशांक दोन दशांशांपर्यंत. चार दशांश दाखवले तर नसलेली अचूकता दिसते.

पहिल्या अभ्यासाचं पानही जोडलं. फक्त दुसरं पाठवलं असतं तर १.६८ कुठून आला आणि कशाने टिकून आहे ते कळलं नसतं. भरपाई बंद पडली तर प्रक्रिया परत १.०२ वर जाईल, ही माहिती ग्राहकाच्या ऑडिटरपेक्षा आपल्या रात्रपाळीला जास्त लागणार आहे.

व्यासाचा निकष ‘पूर्ण’ असं लिहिलं, शेजारी खालची हद्द १.५०. रनआउट १.३६ : १.३३ च्या वर, १.६७ च्या खाली. सेंटर होलच्या उपायानंतर नव्याने मोजेपर्यंत १०० टक्के तपासणी चालू.

१ जुलै

नियमित नियंत्रण सुरू. तासाला ५ पीस, नमुन्याची वेळ तासाच्या आत बदलती. सरासरीच्या हद्दी २४.९८७४ ते २४.९९२२, रेंजची वरची हद्द ८.९. या हद्दी दुसऱ्या अभ्यासावरून गोठवल्या आहेत, दर आठवड्याला नव्याने काढायच्या नाहीत. तसं केलं तर प्रक्रिया सरकली की हद्दीही तिच्यामागे सरकतात.

बिंदू बाहेर, किंवा सलग सात एकाच बाजूला, तर आधी भरपाईचा मोजक बघायचा, मग ड्रेसिंगचा डायमंड, मग कूलंटचं तापमान. ऑफसेट सगळ्यात शेवटी.

क्षमता नव्याने काढायची वेळ: व्हीलची ग्रेड, मटेरियल, डायमंड किंवा गेज बदलल्यावर. स्टोअरमध्ये दुसऱ्या ग्रेडची दोन व्हील आली आहेत. ती चढवण्याआधी २० पीसमधली वाढ पुन्हा मोजायची, कारण १ मायक्रॉनची भरपाई सध्याच्या व्हीलच्या झिजेवर ठरलेली आहे.